पोरांना घेऊन नांदूर मधमेश्वरला

अभयारण्यातून परतणाऱ्या आईबापांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मुलं कंटाळली आणि काही दिसलं नाही. बेत मोठ्यांच्या हिशेबाने आखला की हे व्हायचंच. पहाटे निघायचं, सगळे मनोरे गाठायचे, यादीवरच्या जास्तीत जास्त पक्ष्यांपुढे खुणा करायच्या, उन्हं चढायच्या आत गाडीत बसायचं. सात वर्षांच्या पोराला यातलं काहीच नको असतं. त्याला काठावर उकिडवं बसून चिखलात काडी खुपसायची असते. गंमत अशी की त्याच चिखलावर, त्याच्यापासून पंधरा-वीस पावलांवर, एखादा तुतवार शेपटी वरखाली करत किडे टिपत असतो, आणि तो फक्त त्या पोरालाच दिसतो, कारण बाकीचे सगळे पुढच्या मनोऱ्याकडे निघालेले असतात.

म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते एवढ्यावरच बेतलेलं आहे: मुलं बरोबर असतील तर कमी चाला आणि जास्त थांबा. एका सकाळीत दोन ठिकाणं पुरे.

त्यासाठी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर ही फार सोयीची जागा आहे. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने दगडी बंधारा घातला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा अजूनही इथूनच निघतात. पण शंभर वर्षांत नदीचा गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, काठाने लव्हाळी आणि पाणकणीस माजलं. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा सगळा तोटा. पाणपक्ष्यांचं मात्र फावलं. 1986 मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून नांदूर मधमेश्वरचं नाव जाहीर झालं. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं असं सांगतात, आणि प्रत्येक फलकावर ते वाक्य तुम्हाला भेटेलच.

मुलांसाठी ही जागा बरी, याची कारणं साधी आहेत. जमीन सपाट आहे, चढ नाही. चापडगावच्या बाजूने आत गेलं की काठाकाठाने पायवाट आहे, तिच्या एका अंगाला बाभूळ, करंज, जांभूळ, कडुनिंब अशी सावलीची झाडं आणि दुसऱ्या अंगाला पाणी. म्हणजे पाण्यावर काही नसेल तेव्हा झाडांत बघायला असतं, आणि झाडं शांत झाली की पाणी. शिवाय इथले पक्षी उघड्यावर असतात. घनदाट जंगलात एखादा पक्षी दोन सेकंद दिसतो आणि मूल विचारतं, "कुठाय, कुठाय?" इथे वारकरी पक्ष्यांचा थवा तासभर समोरून हलत नाही. पहिल्यांदा दुर्बीण हातात घेणाऱ्याला अशीच जागा हवी.

घरून निघतानाच मुलांना एक गोष्ट सांगून टाका: इथे वाघ नाही, जिप्सी नाही. "अभयारण्य" म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं, आणि मग अख्खी सकाळ वाघाची वाट बघण्यात जाते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून आणि मध्य आशियातून येणारी बदकं या काळात मुक्कामाला असतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ती नुकती यायला लागलेली असतात, गर्दी कमी असते, पण ऊन बोचतं. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जयंतीपर्यंत, तेव्हा त्या आठवड्यात शाळेच्या मुलांसाठी काही ना काही कार्यक्रम ठिकठिकाणी असतात. नाताळच्या आठवड्यातले शनिवार-रविवार मी टाळते. मनोऱ्यावर रांग लागते आणि खाली कोणीतरी मोबाइलवर गाणी लावलेली असतात. शक्य असेल तर जानेवारीतला एखादा साधा वार, शाळेला एक दिवस बुट्टी. त्या दिवशी मुलं वर्गात जे शिकली असती त्याहून कमी नक्कीच शिकणार नाहीत.

जानेवारीत जाणार असाल तर थंडीची तयारी मनापासून करा. निफाड हा राज्यातल्या सर्वांत गार पडणाऱ्या भागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात आणि पारा पाच-सहा अंशांवर गेल्याच्या बातम्या असतात. मुंबई-पुण्याची मुलं एका पातळ जॅकेटमध्ये येतात आणि पाण्यावरच्या वाऱ्यात दहा मिनिटांत कुडकुडतात. मग त्यांना राजहंस दाखवला तरी नको असतो. कानटोपी, मोजे, एकावर एक दोन-तीन कपडे, जे नऊनंतर एकेक करून काढता येतील. रंग मळखाऊ: मातकट, शेवाळी, राखाडी. लाल-पांढरे स्वेटर गाडीत ठेवा.

पाण्याची पातळी हा एक वेगळाच मामला आहे. हे पाणी वरच्या गंगापूर, दारणा या धरणांतून सोडलं जातं आणि कालव्यांना जातं. कालव्याला पाणी सोडण्याचं आवर्तन सुरू असेल त्याप्रमाणे पातळी खालीवर होते. पाणी भरलेलं असेल तर बदकं लांब मध्यावर जातात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की शेकाटे, तुतवार, शराटी काठाशी येतात. मुलांसाठी दुसरी अवस्था कितीतरी चांगली, कारण सगळं जवळ असतं. निघण्याआधी एखाद्या स्थानिक गाइडला फोन करून "पाणी किती आहे?" एवढं विचारलं तरी अंदाज येतो. प्रवेशाच्या वेळा आणि दर बदलत असतात, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पावसाळ्यात गोदेला पूर येतो तेव्हा पोरं घेऊन जाण्यात अर्थ नाही. पाऊस जरा ओसरल्यावर, ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात, स्थलांतरित नसले तरी इथले रहिवासी विणीत असतात. सुगरणी घरटी विणतात, कमळपक्ष्याची पिल्लं पानांवरून चालतात. गर्दी अजिबात नसते. चिखल मात्र असतो, त्यासाठी गमबूट हवेत.

गाइड आणि दुर्बीण

गाइड घ्याच. आसपासच्या गावांतली मुलं हे काम करतात, त्यांच्याकडे तिकाटण्यावरची टेलिस्कोप असते, आणि कुठल्या बाभळीत पिंगळा बसतो हे त्यांनाच ठाऊक असतं. फक्त एक करा. फेरी सुरू व्हायच्या आधीच सांगा, "दादा, आम्हाला सगळं दाखवायची घाई नाही. पोरं आहेत, दोनच ठिकाणी निवांत बसवा." त्यांना दिवसभर यादीवाले पर्यटक भेटतात, त्यामुळे सवयीने ते भराभर नावं सांगत पुढे जातात. असं सांगितलं की त्यांनाही मोकळं वाटतं. "मग ताई, पुढच्या मनोऱ्याचं राहू द्या, इथं झाडाखालीच सतरंजी टाका, पोरं बसतील," असं म्हणून एखादा गाइड स्वतःही मांडी घालून बसतो, आणि मग त्याच्या गावाकडच्या गोष्टी सुरू होतात. पुराच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, आजोबा मासे कुठे धरायचे. मुलं पक्ष्यांपेक्षा त्यात रमतात. रमू द्या.

टेलिस्कोपची उंची मोठ्यांच्या डोळ्याला लावलेली असते. मुलांची पाळी आली की तिचे पाय आखूड करायला सांगा. मूल टाचा उंचावून, नळी धरून बघायला लागलं की चित्र हलतं, त्याला काहीच दिसत नाही आणि लाजेखातर ते "हो, दिसला" म्हणतं. हे खूपदा होतं. खात्री करायची असेल तर "त्याची चोच कुठल्या बाजूला आहे?" असं विचारा.

दुर्बीण स्वतःची असेल तर उत्तम. मोठ्यांसाठी 8×42 ही नेहमीची, पण ती दहा वर्षांखालच्या मुलाच्या गळ्यात जड होते. त्यांना 8×25 किंवा 6×30 सारखी हलकी बरी. जास्त पटीची दुर्बीण म्हणजे जास्त चांगली हा दुकानदारांनी पसरवलेला गैरसमज आहे. दहा-बारा पटीची दुर्बीण लहान हातात थरथरते. निघण्याआधी, घरच्या गच्चीवरच, तीन गोष्टी करून घ्या. दोन नळ्या मुलाच्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ आणायच्या, दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत. चष्मा असेल तर रबरी कडा आत घालायच्या. आणि आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तू शोधायची, तिच्यावरून नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: दुर्बीण लावून आभाळभर पक्षी शोधत बसतात. पट्टा कायम गळ्यात आणि सूर्याकडे कधीही नाही, हे दोन नियम मात्र धाकाने पाळायला लावा.

पाण्याकाठी बसल्यावर

सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. सतरंजी, आजी-आजोबांसाठी घडीची खुर्ची, आणि किमान अर्धा तास न उठण्याचा निश्चय. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतात. तेवढी जाऊ द्या. आपण आल्याने काठावरून सरकलेले पक्षी साधारण तेवढ्याच वेळात परत येऊ लागतात.

नावांपासून सुरुवात करू नका. "कोण काय खातंय?" इथून करा. पाणी एकच असतं, पण पंगती वेगवेगळ्या मांडलेल्या असतात, आणि कोण कुठल्या पंगतीला हे मुलांना फार पटकन कळतं. लांब गुलाबी-लाल पायांचा शेकाट्या घोट्याएवढ्या पाण्यात चालत चालत किडे वेचतो. थापट्या बदक रुंद चपटी चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून पुढे जातं. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून पाणी गाळून बारीक जीव उरतात. पुष्कळदा थापटे एकमेकांमागे गोल गोल फिरतात, म्हणजे पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. तलवार बदकाची मान लांब, ते डोकं खाली घालून तळाचं खातं, तेव्हा पाण्यावर फक्त टोकदार शेपटी उभी दिसते. पोरं हसून लोळतात. टिबुकली तर बुडीच मारते. कुठे वर येईल ते ओळखायची पैज लावा. मोठे नेहमी हरतात.

चमच्याला ओळखायला पुस्तक लागत नाही. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालतो, आणि चोचीला काही लागलं की ती मिटते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, स्पर्शावर काम चालतं. चित्रबलाकाचंही तसंच, फक्त तो चोच पाण्यात धरून उभा राहतो आणि पायाने चिखल ढवळतो. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. ते बारा महिने इथलंच. वारकरी काळा, कपाळ आणि चोच पांढरी. उडायचं असेल तर आधी पाण्यावरून धावतो, पाय आपटत, मोठा आवाज करत. जांभळी पाणकोंबडी लव्हाळीचा देठ पायाच्या बोटांत धरून खाते. कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब असतात की तरंगत्या पानावर वजन पसरतं आणि पान बुडत नाही. त्याच्यात अंडी उबवायचं काम नर करतो, हे ऐकून आमच्याकडच्या एका आत्याबाईंनी दुर्बीण परत मागून घेऊन त्याच्याकडे नव्याने पाहिलं होतं.

या सगळ्यात नाट्य हवं असेल तर मार्श हॅरियरची वाट बघा. घारीएवढा शिकारी पक्षी, पंख किंचित वर धरून लव्हाळीवरून अगदी खालून उडत येतो. तो दिसण्याआधीच पाण्यावर काहीतरी बिनसतं. पसरलेले वारकरी एकमेकांना चिकटून दाट काळा गठ्ठा करतात, छोटी बदकं उठतात, टिटवी ओरडायला लागते. मुलांना सांगून ठेवा: सगळे एकदम उडाले की उडणाऱ्यांकडे बघू नका, कोणामुळे उडाले ते शोधा. एकदा हे जमलं की ते मूल पुढे कुठल्याही जंगलात उपयोगी नजर घेऊन फिरतं. पुष्कळदा कारण मात्र आपल्यापैकीच कोणाची तरी किंकाळी असते, तेही कळू दे.

झाडांखाली

नऊ-साडेनऊला पाण्यावर ऊन चमकायला लागलं की सावलीत या. इथे डोळे वर कमी आणि खाली जास्त लावायचे.

बाभळीवर लोंबणारी सुगरणीची घरटी हिवाळ्यात रिकामी असतात, पण टिकून असतात. त्यात दोन प्रकार दिसतील: काही पूर्ण, खाली नळी असलेली, काही अर्धवट, उलट्या टोपीसारखी. घरटं नर विणतो. अर्धं झालं की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो, मादीने पसंत केलं तर पुढचं काम करतो, नाहीतर तसंच सोडून दुसरं सुरू करतो. म्हणजे अर्धवट घरटी मोजली की नापसंती मोजली. खाली पडलेलं एखादं घरटं सापडलं तर हातात घेऊन बघा, गवताच्या पात्याचा पट्टा किती अरुंद फाडलाय ते बोटाने चाचपा, आणि जिथे होतं तिथे ठेवा. अभयारण्यातून पीस, शिंपला, घरटं काहीही घरी न्यायचं नाही, कायद्यानेही नाही. मुलं हट्ट करणार हे गृहीत धरून आधीच वही आणि पेन्सिल देऊन ठेवा: न्यायचं ते चित्र काढून न्यायचं. फोटोपेक्षा चित्र बरं, कारण चित्र काढताना पायाची बोटं किती हे मोजावं लागतं.

पिंगळा दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. गाइडने झाड दाखवलं तर ढोलीच्या खाली जमिनीवर बघा. न पचलेल्या भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठी असलेल्या लहान गोळ्या मिळतात. रात्री जेवण काय होतं ते त्यावरून कळतं. तिथेच कोरड्या बारीक मातीत बोटाच्या पेराएवढे नरसाळ्यासारखे खड्डे असतात. मुंगी कडेवर आली की वाळू घसरते, आणि तळाशी दडलेली अळी आणखी माती उडवून तिला खाली पाडते. मुंगी ढकलून देऊ नका, वाट बघा. मुंग्यांची ये-जा असेल तर फार थांबावं लागत नाही.

ओल्या मातीवर ठसे असतात. मुंगुसाचे, कोल्ह्याचे, गावातल्या कुत्र्यांचे तर असतातच. बगळ्याचा ठसा: तीन लांब बोटं पुढे, एक मागे. बदकाचा: बोटांमध्ये पडदा. एवढे दोन ओळखता आले तरी खूप झालं.

आवाजाच्या बाबतीत एक विनंती. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन हे अॅप चांगलं आहे, भारतातल्या पक्ष्यांचा संच आधीच उतरवून घ्या कारण काठावर नेटवर्कचा भरवसा नसतो. पण ते फक्त ऐकण्यासाठी. पक्ष्याला जवळ आणायला त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवणं ही वाईट खोड आहे. तो आपल्या हद्दीत परका नर आला समजून खाणं सोडून भांडायला येतो. चांगल्या कॅमेऱ्यांचे मालक हे सर्रास करतात. तुमच्या मुलांसमोर करत असतील तर त्यांना शांतपणे थांबवा, मुलांनी ते पाहायला हवं. पुस्तकांत किरण पुरंदरे यांचं "पक्षी आपले सख्खे शेजारी" मुलांच्या हातात देण्याजोगं आहे, मात्र ते आधी आठवडाभर घरी असू द्या. काठावर पुस्तक उघडलं की सगळी डोकी पुस्तकात जातात.

खाणं, धोके आणि बाकीचं

तीन वर्षांखालच्या मुलाला न्यायचं तर तुम्हाला पक्षी दिसणार नाहीत हे मान्य करून न्या. पाच ते आठची मुलं दीड-दोन तास टिकतात, त्यात एक खाण्याची सुट्टी धरून. खाणं आवाज न करणारं: दशम्या, गुळपोळी, उकडलेली अंडी, केळी, भाजलेले शेंगदाणे. कुरकुरे-वेफर्सची पाकिटं दोन कारणांनी नकोत. ती करकरतात, आणि उडाली की पाण्यात जातात. पाणी घरून भरून न्या. स्वच्छतागृह प्रवेशापाशी उरकून घ्या, आत मध्येच कोणाला लागली तर सगळ्या फेरीचा विचका होतो. निफाडच्या रस्त्याला जानेवारीनंतर द्राक्षं स्वस्त आणि छान मिळतात. फवारणी भरपूर असते, तेव्हा घरी नेऊन नीट धुतल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका.

धोका पाण्याचा नाही तेवढा गाळाचा. वरून घट्ट वाटणारा काठ पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. बंधाऱ्याच्या भिंतीवर सेल्फीसाठी चढणं बंद. लहान मुलं पायवाटेवर दोन मोठ्यांच्या मध्ये चालतील असं बघा, त्याला आणखी एक कारण आहे: हा सगळा पट्टा उसाचा आहे, आणि निफाड तालुक्यातल्या उसात बिबटे आहेत. घाबरायचं कारण नाही, पण उजाडायच्या आधी उसाच्या कडेने पायी फिरू नये आणि मुलाला "जरा तिकडे जाऊन ये" म्हणून उसात शिरायला लावू नये. झाडावर आग्यामोहोळ असेल तर त्याच्याखाली डबे उघडू नका, आणि त्या दिवशी अत्तर, स्प्रे काही लावू नका.

संक्रांतीच्या सुमाराला जाल तर झाडांत, तारांत अडकलेला मांजा दिसेल. शेजारच्या येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध आहे आणि दोरा वाऱ्याबरोबर लांबवर जातो. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो. जखमी पक्षी दिसला तर स्वतः ओढाताण करू नका. अंगावर रुमाल टाकून, अंधारात शांत ठेवून, वनविभागाच्या हेल्पलाइनला 1926 वर फोन करा.

नांदूर लांब पडत असेल तर हीच पद्धत दुसरीकडे चालते, फक्त तिथलं वेळापत्रक वेगळं. मुंबईत माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे एकेकाळचं कचऱ्याचं मैदान. आता झाडी आहे आणि मिठी नदीकाठी खारफुटी. लहानग्यांच्या पहिल्या फेरीला तेच बरं. ऐरोलीला ठाणे खाडीत वनविभाग रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला होडी सोडतो, पण होडीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे आधी नोंदणी करून वेळ विचारल्याशिवाय जाऊ नका. पुणेकरांना भिगवण जवळ. तिथे होडीवाल्याला निघण्याआधीच बजावून सांगा की फोटोसाठी थवा उडवायचा नाही, नाहीतर तो तुमच्या खुशीसाठी नक्की उडवेल. गोव्यात चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात रायबंदरहून फेरीबोटीने जाता येतं, धक्क्यावर उतरलं की प्रवेश जवळच. तिथे खारफुटीतून बांधीव पायवाट आहे, आजीच्या गुडघ्यांनाही झेपेल अशी. ओहोटीला पोचा. पाणी उतरल्यावरच एक नांगी मोठी असलेले खेकडे आणि चिखलावरून उड्या मारणारे मासे बाहेर येतात. भरतीच्या वेळी गेलात तर नुसती झाडं आणि डास. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून मगच फेरी धरा.